नऊशेची रेघ

चहा येऊ द्या आधी. हा किस्सा कोरड्या घशानं सांगता येत नाही मला.

आणि हसायचं असेल तर खुशाल हसा. गाढवपणा माझा, गाडी माझी, आणि जिला त्या दिवशी भर उन्हात फिरवलं ती मायही माझीच. भाऊजी तेवढे बहिणीचे. त्यांच्या वाटचं हसू उरलं तर तेही हसून टाका.

तर झालं काय, की मी दोन माणसांना एका रस्त्यानं चार तास चालवलं आणि तो रस्ता नव्हताच! म्हणजे चुकलेला रस्ता नव्हे. चुकलेला रस्ता निदान कुठंतरी जातो. हा मुळातच नव्हता. आणि गंमत बघा, मी हे सगळं हातात नकाशा धरून केलं. नकाशाही कोणाचा? माझ्या सख्ख्या भावाचा!

संतोषदादा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही अकोल्याचे. मी चारचाकी मालवाहू ऑटो चालवतो, सिमेंट, कुलर, लग्नाचे पलंग, जे मिळेल ते. दादा शिकलेला. त्याचं काम मेळघाटात. चिखलदऱ्याच्या बाजूला जे उंच डोंगरातलं जंगल आहे ना, तिथल्या पाऊलवाटा, झिरे, खिंडी, टेकड्या पायी फिरून मोजायच्या आणि त्याचा नकाशा काढायचा. महिन्यातले वीस दिवस जंगलात, उरलेले दहा परतवाड्याच्या खोलीवर कागदावर वाकलेला.

लोक मला विचारायचे, "भाऊ काय करते रे तुहा?"

मी सांगायचो, "डोंगर मोजते."

"मोजून काय करते?"

याचं उत्तर मला कुठं येत होतं? मी सातवीत शाळा सोडली. म्हणजे मी सोडली असं मी सांगतो, गुरुजी वेगळं सांगतील.

दादानं एकदा मला समजावायचा प्रयत्न केला होता. माय भाकरीचं पीठ मळत होती. दादानं तिच्या हातातला गोळा घेतला, परातीत डोंगरासारखा उभा केला आणि परातीत तांब्यानं पाणी ओतलं. पाणी गोळ्याला जिथवर लागलं तिथं बोटानं गोल रेघ मारली. मग आणखी पाणी ओतलं, आणखी वर रेघ मारली.

"पाह्य मुन्ना. या रेघेवरची सगळी जागा एकाच उंचीवर हाय. वरून पाह्यलं का रेघांमंधी रेघा दिसतात. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. कारण टीव्हीवर मॅच चालू होती आणि शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या होत्या.

माय ओरडली, "अरे माह्या पिठाची लापशी केली तुमी!" पण ती त्या गोळ्याकडं बराच वेळ बघत होती. हे मला आता आठवतं. तेव्हा मी मॅच बघत होतो.

पाच वर्षं दादा त्या डोंगरात फिरला. अस्वल बघितलं, साप बघितले, कड्यावर झोपला. साधं खरचटलं नाही. गेला तो सपाटीवर. परतवाड्याच्या अलीकडं, डोळे मिटून गाडी चालवावी असा सरळ रस्ता. दिवेलागणीची वेळ, पुढं कापसाची ट्रॉली, ट्रॉलीला मागं ना दिवा ना लाल पट्टी. ज्यानं हजार वळणं कागदावर काढली त्याला मरायला एक वळणसुद्धा मिळालं नाही.

तेरवीला लोक म्हणाले, देवाला चांगली माणसं लवकर लागतात. म्हणताना माझ्याकडं बघायचे. म्हणजे मी शंभर वर्षं जगणार हे तिथंच ठरलं.

बरं. आता झिऱ्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापायी झालं.

जायच्या महिनाभर आधी दादाचा फोन आला होता. फोन स्पीकरवर, माय समोर.

"माय, डोंगरावर एक झिरा सापडला. गावातले लोक त्याले नुसताच झिरा म्हनतात, नावच नाही. मी त्यायले विचारलं, मायचं नाव लिवू का? ते म्हनले लिव. तं लिवून टाकलं. कौसल्या झिरा."

माय लाजली हो! या वयात. पदर तोंडावर घेतला. "काहीबी करतं बाई हे पोट्टं," म्हणाली आणि दिवसभर स्वतःशीच हसत होती.

मला राहवेना. "अन् माह्या नावाचं काय लिवलं?"

"तुह्या नावाचं? वानरं लय हायेत इथी, पन ते एका जागी बसत नाहीत ना बे!"

"दादा, मस्करी नको."

"बरं बरं. तुह्या नावाचंही लिवतो कायतरी. नक्की."

तो गेल्यावर ऑफिसचे दोन लोक आले. मोजायचं यंत्र आणि तिपाई घेऊन गेले, माझी सही घेतली, आणि एक गुंडाळी माझ्या हातात देऊन म्हणाले, हा कच्चा नकाशा आहे, हातानं काढलेला, पक्का आमच्याकडं आहे, हा तुम्ही ठेवा.

मी तो जमिनीवर पसरला आणि पालथा पडून बोट फिरवत सगळा बघितला. कौसल्या झिरा सापडला. निळा ठिपका, शेजारी दादाचं गोलगोल अक्षर. माझं नाव शोधलं. टेकड्या बघितल्या, नाले बघितले, एक खडकसुद्धा सोडला नाही. नाही! मेला तरी शब्द पाळला नाही, म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला राग आला. मेलेल्या माणसावर रागावलं की तो राग टाकायला जागा नसते. तो घरभर फिरतो.

नकाशा खराब होऊ नये म्हणून मी दुसऱ्याच दिवशी तो लॅमिनेशनला घेऊन गेलो. बस स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, "भाऊ, एवढा मोठा पाऊच नाही माह्याकडं. मंधात घडी मारू का?"

"घडी? अबे माह्या भावाच्या हातचा हाय तो. घडी नाही मारायची."

"मंग ही बाजूची पट्टी कापा लागंल."

"काय हाय पट्टीत?"

"लिखान हाय सारं. बारीक."

बारीक अक्षर दिसलं की मला अजूनही गुरुजींची छडी दिसते. मी म्हणालो, "चित्र राहू दे. लिखान काप. सरळ काप बरं, वाकडं नको."

त्यानं पट्टी धरून सरळ कापली. ती फेकली नाही मी, अक्षर दादाचं होतं. पण तेव्हा माझ्या ऑटोच्या डाव्या दाराची काच फार खडखडायची. पट्टीची घडी घालून काचेच्या फटीत खुपसली. काच गप्प! दादा गेल्यापासून माझ्या हातून झालेलं एवढं एकच काम धड झालं असं मला वाटत होतं.

इकडं मायचं काही खरं नव्हतं. जेवायची नाही, बोलायची नाही. मागायचं तर सोडाच. माघ महिन्यात एक दिवस सकाळी ती अचानक म्हणाली, "मुन्ना, मले तो झिरा पाहाचा हाय. तथी बसून घोटभर पानी प्यायचं हाय."

तीन महिन्यांत मायनं मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि झिरा होळीनंतर आटतो, हे दादानंच सांगितलं होतं. म्हणजे गेलं तर आत्ताच. मी म्हटलं, "परवा जाऊ."

आता आमचे भाऊजी. ताईचे मालक, अमरावतीला एका शाळेत शिपाई आहेत, पण बोलणं हेडमास्तरचं. ते दुखवट्याला आले होते ते अधूनमधून येतच राहिले. ते म्हणाले, "मी येतो सोबत. जंगलाचं काम हाय, एखादं जाणतं माणूस पाहिजे." जाणत्या माणसानं निघताना तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पाच पुड्या घेतल्या.

मायनं पिशवीत दादाचा पेला घेतला. स्टीलचा, त्याच्या बारशाचा, त्यावर "चि. संतोष" कोरलेलं. झिऱ्याचं पाणी ती त्यातून पिणार होती.

नाक्यावर वनरक्षकानं नाव लिहून घेतलं आणि बजावलं, पाचच्या आत परत बाहेर, नंतर दांडा पडतो. अकराला आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या ढाण्यावर पोचलो. ढाणा म्हणजे कोरकू लोकांची छोटी वस्ती. गाडी थांबली तशी एक म्हातारा काठी टेकत आला. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तू मुन्ना है क्या?"

मी थक्क. "तुमाले कसं माहीत?"

"तेरा भाई दिनभर तेरी बात करता था. मैं सुखलाल. उसके साथ पूरा जंगल घूमा मैं." मग मायच्या पाया पडला. "माय, झिरे पे जाना है ना? चलो, मैं ले चलता."

सगळ्यात मोठा गाढवपणा इथं झाला, पुढचं सगळं व्याज. चांगला देवासारखा माणूस समोर आला, आणि मला काय झालं कोण जाणे! हा माणूस दादाबरोबर सगळं जंगल फिरला. मला दादा दहादा म्हणाला होता, चल एकदा माझ्यासोबत. मी दहादा भाडं आहे म्हणून सांगितलं. आणि आता हा मला माझ्या भावाची वाट दाखवणार?

"काही गरज नाही काका," मी म्हणालो. "माह्या भावाचा नकाशा हाय माह्यापाशी."

"नक्शा तो है बेटा, लेकिन..."

"लेकिन-बिकिन काही नाही. बसा तुमी."

तो बसला. काठी मांडीवर घेऊन.

मी लॅमिनेशनचा नकाशा ऑटोच्या बॉनेटवर पसरला. ढाणा सापडला, निळा ठिपका सापडला. आता रस्ता. ढाण्यापासून ठिपक्यापर्यंत उजवीकडून एक काळी रेघ होती, पण तुटक. तुकडे तुकडे. म्हटलं, हा रस्ता तुटलेला आहे. मायला तुटक्या रस्त्यानं कशाला न्यायचं?

आणि तपकिरी रेघा तर ढीगभर! बारीक बारीक, केसांच्या गुंत्यासारख्या. त्यात एक मात्र चांगली जाड, ठळक. ढाण्याच्या कडेनं निघून डावीकडं वळत वळत जात होती आणि थेट निळ्या ठिपक्याला लागत होती. हाच मोठा रस्ता! आणि रेघेवर आकडा लिहिलेला, ९००.

"नऊशे मीटर," मी सांगितलं. "एक किलोमीटर पन नाही."

भाऊजींनी चष्मा वर सरकवून नकाशा बघितला. जाणतं माणूस! "अन् ही वरची जाड रेघ? तिच्यावर हजार लिवलं हाय."

"तो लांबचा रस्ता भाऊजी. शंभर मीटरचा फेरा पडते. आपन जवळचा घेऊ."

"बराबर," भाऊजी म्हणाले. "फेरा कशाले?"

हसताय ना? हसा. अजून आम्ही निघालोसुद्धा नाही.

ढाण्याच्या कडेला भाऊजींनी पहिली पुडी तोंडात रिकामी केली, प्लास्टिक सागाच्या बुंध्याशी टाकलं, आणि आम्ही डावीकडं वळलो. गुरं जाऊन जाऊन पडलेली एक पुसट वाट होती. चढ नाही, उतार नाही. डोंगराच्या पोटाला धरून सरळ आडवी.

"पाह्य माय," मी म्हणालो, "दादानं तुह्या गुडघ्याचा इचार करून रस्ता काढला. जराही चढ नाही."

माय हसली. खरंच हसली. मी छाती काढून पुढं चालायला लागलो.

पहिला तास बरा गेला. मग गुरांची वाट संपली. गुरांना अक्कल असते, ती चरून घरी जातात. पुढं नुसता उतरता डोंगर आणि रायमुनियाची काटेरी झुडपं. पायाखाली सागाची वाळकी पानं, पापडासारखी वाजणारी, आणि पापडासारखी निसटणारी. उजवा पाय वर, डावा पाय खाली. मायचा दुखरा गुडघा नेमका डावा.

"मुन्ना," मागून भाऊजी, "माहा एक पाय लहान झाला रे!"

"चाला भाऊजी, आलंच."

"नऊशे मीटर व्हायचे हायेत का अजून?"

"डोंगरातले मीटर मोठे असतात!"

हे मी बोललो. मी स्वतः. माझ्या तोंडानं.

एक वाजला. दोन वाजले. डोंगर सारखा उजव्या हाताला, दरी सारखी डाव्या हाताला. ऊन मात्र आधी पाठीवर होतं, मग कानावर आलं, मग तोंडावर. सूर्यच जागा बदलतोय असं मला वाटलं! आपण गोल फिरतोय हे दुसऱ्या कोणाच्याही ध्यानात आलं असतं. माय तीनदा बसली. तिसऱ्यांदा उठताना तिनं माझा खांदा धरला आणि तोंडातून आवाज काढला नाही. आवाज काढला असता तर बरं झालं असतं.

"माय, परत जायचं का?"

"नाही. आता आलो इतकं तं चाल."

तीनच्या सुमारास एका घळीत पाय ओले झाले. खडकाच्या कपारीतून बोटभर पाणी निघत होतं, खाली शेवाळ, चिखल, दोनचार पिवळी फुलपाखरं. थंडगार सावली. मायनं चपला काढल्या, दोन्ही पाय त्या पाण्यात ठेवले आणि डोळे मिटले.

"मुन्ना, कुठचं रे हे पानी?"

"असंच. डोंगराले पाझर राहतात."

"किती थंड हाय. पेला काढू का? घोटभर घेतो."

आणि मी काय म्हणालो ते ऐका. मी म्हणालो, "या चिखलाचं पानी पितं का आता? ठेव तो पेला. झिऱ्यावर गेल्यावर काढ. दादानं नकाशात लिवला म्हंजे झिरा केवढा मोठा असंल! चाल, ऊठ. पाच वाजता दांडा पडते."

मायनं पेला पिशवीत ठेवला. भाऊजींनी त्या पाण्यानं खळखळून चूळ भरली, खर्ऱ्याची लाल चूळ. तिथंच थुंकले. आम्ही पुढं निघालो.

वीस मिनिटांनी मला खाली एक प्लास्टिकची पुडी दिसली. मी आनंदानं ओरडलो, "भाऊजी! खर्ऱ्याची पुडी! मान्सं येतात इथी! आपन बराबर रस्त्यावर हाओत!"

भाऊजी वाकले. पुडी उचलली. वास घेतला. खर्ऱ्याच्या बाबतीत ते खरंच जाणते आहेत. मग माझ्याकडं बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "मुन्ना, हा माहा हाय."

"तुमचा कसा असंल?"

"एकशेवीसचा तंबाखू, चुना कमी. माहाच हाय."

मी वर बघितलं. सागाच्या पलीकडं माझा ऑटो उभा होता. शेजारी सुखलालकाका, जसा बसवला होता तसाच, काठी मांडीवर.

"आ गये?" तो म्हणाला. "पूरे पहाड़ की परिक्रमा कर दी! कोई मन्नत थी क्या?"

भाऊजी मटकन खाली बसले. मी नकाशा उलटा केला, सुलटा केला. जाड रेघ ढाण्यापासून निघत होती, डोंगराला वेढा घालत होती आणि परत ढाण्यावरच येत होती. आख्खी गोल! सकाळी मी ती ठिपक्यापर्यंतच बघितली होती. पुढं कशाला बघतो?

माय बसल्या बसल्या त्या कागदाकडं बघत होती. बघता बघता म्हणाली, "मुन्ना, हे तं परातीतलं पानी होय ना रे?"

"काय?"

"संतोषनं पिठाच्या गोळ्याले पानी लावलं होतं. बोटानं रेघ मारली होती. तीच ना ही? ते काही रस्ता नाही होय. ती उंची होय."

निरक्षर बाई! अंगठा लावणारी! तिला समजलं होतं.

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"मले आत्ता आठवलं. अन् सांगितलं असतं तं तू ऐकलं असतं का? बोललं का चिडतं तू."

मी सुखलालकाकाला विचारलं, झिरा कुठं आहे. त्यानं काठीनं उजवीकडं दाखवलं, जिकडून आम्ही आत्ता आलो होतो. "इधर से पाव घंटा. एक घल है, पत्थर में से उंगली जितना पानी निकलता है. पीली तितलियाँ रहती हैं वहाँ."

भाऊजींनी तोंडातला नवा खर्रा हळूच बाहेर काढला आणि मुठीत धरला. त्यांनी त्या दिवशी त्यानंतर एकही पुडी खाल्ली नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगून ठेवतो.

"चाल माय," मी म्हणालो, "उचलून नेतो तुले."

पण गुडघा टम्म सुजला होता आणि साडेतीन वाजले होते. नाक्यापर्यंतचा रस्ता तासाभराचा, दगडांचा. सुखलालकाका म्हणाला, माय, पेला दे, मी भरून आणतो. मायनं मान हलवली.

"राहू द्या भाऊ. मले तथीच बसून प्यायचं होतं." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "जाऊ दे रे. पाय तं लागले न माहे त्या पान्याले."

एवढं बोलली. शिवी दिली असती तर मी आजन्म ऋणी राहिलो असतो.

परत निघालो. भाऊजी मागं हौद्यात पाय लांब करून, माय पुढं माझ्या शेजारी डाव्या दाराशी. नाक्यावर पोचलो तर पुढं दोन जीपगाड्या, वनरक्षक वही तपासत होता. माय म्हणाली, "काच खाली कर रे, भोवळ येऊन राहिली."

मी हात लांब करून फटीतली पट्टी ओढून काढली. काच धाडकन खाली गेली. पट्टी मायच्या मांडीवर पडली आणि उलगडली.

तिनं ती उचलली, बोटानं सरळ केली. "संतोषचं अक्षर हाय हे."

वाचता न येणाऱ्या बाईला अक्षर ओळखू येतं.

"काय लिवलं हाय? वाच."

मी वाचलं. मला वेळ लागतो, सातवीचं तुम्हाला सांगितलंच आहे. वर शाईनं लिहिलं होतं : तपकिरी रेघ, सारखी उंची. रेघेवरचा आकडा, समुद्रापासून उंची. तुटक काळी रेघ, पाऊलवाट. निळा ठिपका, झिरा.

त्याच्या खाली पेन्सिलनं, आणखी बारीक : "मुन्ना, तपकिरी रेघेवर चालू नको, फिरून तिथंच येशील. तुटक रेघेनं जा. मायले आणशील तं सुखलालले सोबत घे, अन् शहाणपणा करू नको."

वनरक्षकानं दांडा वर केला. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. मी गाडी पुढं घेतली नाही. भाऊजींनी मागून पत्रा ठोकला, "मुन्ना, काय झालं? गाडी बंद पडली का?"

आता होळी होऊन गेली. झिरा आटला असेल. मायचा गुडघा अजून उतरला नाही, पेला फळीवर पालथा आहे. पट्टी मी पुन्हा काचेत खुपसली नाही, त्यामुळं काच सारखी खडखडते, गिऱ्हाईकं वैतागतात. वाजू देतो.

आख्ख्या डोंगराचा नकाशा. दादानं त्यात माझं नाव एकाच जागी लिहिलं होतं. आणि तेवढीच जागा मी दुकानात उभं राहून कापून घेतली. वरून त्या माणसाला बजावलं, सरळ काप बरं, वाकडं नको.